वितोसचा पक्ष, मिकोलायचिकचं नाव आणि तिसऱ्याचंच घर

प्रश्न असा आहे: "पोलंडमधला शेतकरी पक्ष, पीएसएल, स्वतःला 1895 सालचा म्हणवतो. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात मात्र त्याची स्थापना 1990 ची दिली आहे. हा कम्युनिस्टांच्या वळचणीला वाढलेला पक्ष आहे, त्याचा जुना शेतकरी नेता वितोस याच्याशी काही संबंध नाही, असंही वाचलं. प्रबंधात नेमकं काय लिहू? आणि पाच-आठ टक्के मतांवर हा पक्ष सारखा सरकारात कसा असतो?"

1895 हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं पक्षाला जाहीर सभेत सांगायला आवडत नाही. मध्य युरोपातल्या शेतकरी चळवळी मी वीसेक वर्षं शिकवतो आहे आणि विद्यार्थी दर वर्षी याच ठिकाणी अडखळतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नावांचे उच्चार पोलिश माणसाला पटतीलच असं नाही, पण मराठीत वाचता येतील असे ठेवले आहेत.

1895 मध्ये पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागाला गालिसिया म्हणत. हा भाग दारिद्र्यासाठी बदनाम होता. तिथली वेठबिगारी 1848 मध्ये संपली, पण जमीनदार आणि कूळ यांच्यातली अढी गेली नाही. ती किती खोल होती हे पाहायचं तर 1846 कडे जावं लागतं. जमीनदारांनी ऑस्ट्रियाविरुद्ध राष्ट्रीय उठाव करायचं ठरवलं, तेव्हा तार्नूफच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी त्या जमीनदारांनाच कापलं. हजाराच्या घरात माणसं मेली, शेकडो वाडे लुटले गेले. 'पोल' म्हणजे वाड्यातला मालक, आणि आपण सम्राटाची माणसं, असाच तिथल्या खेड्यातल्या अनेकांचा समज होता. पोलिश शेतकरी राजकारणाची सुरुवात या समजापासून होते. शेतकऱ्याला आधी नागरिक व्हायचं होतं, पोल तो नंतर झाला.

28 जुलै 1895 ला झेशूफ गावी 'स्त्रोन्नित्स्त्वो लुदोवे' स्थापन झाला. 'लुद' म्हणजे लोक, रयत. या पक्षाच्या लोकांना आजही 'लुदोव्ह्त्सी' म्हणतात. 1903 मध्ये नावापुढे 'पोल्स्के', म्हणजे पोलिश, हा शब्द लागला आणि पीएसएल ही आद्याक्षरं तयार झाली. पाया घातला तो ल्वूफ शहरातल्या बोलेस्लाव आणि मारिया विस्लोउख या दांपत्याने. दोघं उमराव घराण्यातली, पण 1889 पासून शेतकऱ्यांसाठी 'पझियाचेल लुदू', म्हणजे लोकांचा मित्र, हे पत्र चालवत होती. बिशपांनी ते वाचू नका म्हणून बजावलं, आणि बंदीने वाचक वाढतात हे तिथेही खरं ठरलं. पहिला अध्यक्ष कारोल लेवाकोव्स्की हाही शेतकरी नव्हता. खेड्यातून आलेली दोन मोठी माणसं म्हणजे याकुब बॉयको आणि यान स्तापिन्स्की. बॉयको गाव सांभाळणारा, लिहिणारा, सबुरीचा. त्याने शेतकऱ्यात दोन आत्मे राहतात असं लिहिलं: एक वेठबिगाराचा, मालकासमोर टोपी काढणारा, आणि दुसरा मोकळ्या माणसाचा. स्तापिन्स्की सभा पेटवणारा.

या पक्षाचं पुढचं सगळं नशीब पहिल्या वीस वर्षांतच दिसतं. स्तापिन्स्कीने सत्ताधारी सनातन्यांशी जुळवून घेतलं, कारण रस्ते, शाळा आणि कर्ज सरकारकडूनच मिळणार होतं. 1913 मध्ये पक्षातलाच तेल व्यवसायातला धनिक व्वादिस्वाव द्वुगोश याने स्तापिन्स्कीने सरकारी पैसा घेतल्याचं उघड केलं. पक्ष फुटला. एक तुकडा स्तापिन्स्कीचा, 'डावा'. दुसरा 'पियास्त'. पियास्त हा दंतकथेतला मूळपुरुष, चाकं बनवणारा साधा खेडूत, ज्याच्या वंशाने पोलंडचं पहिलं राजघराणं दिलं. शेतकऱ्यांच्या पक्षाने नाव कुठून उचललं बघा: राजा आमच्यातूनच झाला, ही आठवण करून देणारं. रशियाच्या ताब्यातल्या भागात 1915 मध्ये तिसरा पक्ष उभा राहिला, 'विझ्वोलेन्ये', म्हणजे मुक्ती. हा जास्त डावा, पाद्रीविरोधी, जमीनदाराला भरपाई देण्याच्या विरुद्ध. तिन्ही तुकड्यांच्या नावात पीएसएल होतंच. तेव्हा "1895 चा पक्ष" म्हणताना कोणता तुकडा, हे विचारायला तिथूनच सुरुवात करावी लागते.

आता विन्त्सेन्ती वितोस. जन्म 1874, गाव तार्नूफजवळचं व्येझ्होस्लावित्से. शिक्षण गावच्या शाळेतल्या चार इयत्ता. 1909 पासून 1931 पर्यंत तो गावचा 'वूयत', म्हणजे निवडून आलेला सरपंच होता. याच काळात तो व्हिएन्नाच्या संसदेत बसला, स्वतंत्र पोलंडचा तीनदा पंतप्रधान झाला, आणि सरपंचपद मात्र सोडलं नाही. टाय त्याने कधी लावला नाही. उंच बूट, बंद गळ्याचा सदरा, वर कोट. वॉर्सोतल्या वर्तमानपत्रांनी त्याची टवाळी केली, तरी त्याने वेश बदलला नाही. मला यात नाटकही दिसतं आणि हिशोबही. त्याचा मतदार फोटोत हेच शोधत होता.

10 जुलै 1919 ला पोलिश संसदेत, सेयममध्ये, जमीन सुधारणेची तत्त्वं मंजूर झाली: 183 विरुद्ध 182. एका मताने. कायदा म्हणून ती जुलै 1920 मध्ये आली, तीही रशियाची लाल फौज वॉर्सोच्या दिशेने येत असताना. जमीन देतो, बंदूक उचला, असाच तो सौदा होता. 24 जुलैला वितोस पंतप्रधान झाला. शेतकऱ्यांना त्याने हाक घातली, आणि खेड्यातली पोरं या वेळी खरोखर फौजेत गेली. 1846 आठवत असेल तर हे किती मोठं होतं ते कळेल. ऐन लढाईआधी, 12 ऑगस्टला, राष्ट्रप्रमुख आणि सरसेनापती युझेफ पिलसुडस्कीने आपल्या पदांचा राजीनामा वितोसच्या हाती दिला. वितोसने तो बाहेर काढला नाही. लढाई जिंकली गेली, कागद तसाच राहिला. पुढे याच पिलसुडस्कीने त्याला तुरुंगात टाकलं.

इथे एक कोल्हापूरचा धागा सांगतो. डिसेंबर 1920 मध्ये, वितोस पंतप्रधान असताना, लढलेल्या सैनिकांना पूर्व सीमेवर जमिनी देण्याचा कायदा झाला. ती वसाहतकरी कुटुंबं फेब्रुवारी 1940 मध्ये सोव्हिएत राजवटीने गाड्यांत भरून सैबेरियाकडे आणि उत्तरेकडे नेली. त्यांतले वाचलेले काही जण, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात पोचले. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरशेजारी वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची जी छावणी होती, तिच्यातल्या बऱ्याच कुटुंबांची कथा या जमीनवाटपापासून सुरू होते. महावीर उद्यानातला स्तंभ पाहिला असेल तर हे लक्षात ठेवा.

दोन युद्धांमधल्या काळावर विद्यार्थी पानंच्या पानं लिहितात. मी थोडक्यात आटोपतो, कारण तुमच्या प्रश्नाला त्यातल्या दोनच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे पियास्त हा मध्यावरचा, कोणाशीही बोलू शकणारा पक्ष बनला. 1922 च्या निवडणुकीत 444 पैकी त्याला 70 जागा होत्या, विझ्वोलेन्येला 49. सरकार कोणाचं, हे बहुतेकदा वितोस ठरवायचा. 1923 मध्ये तो उजव्या राष्ट्रवाद्यांबरोबर गेला. जमिनीच्या प्रश्नावर स्वतःचेच लोक फुटले आणि डिसेंबरात सरकार पडलं. मे 1926 मध्ये तिसऱ्यांदा पंतप्रधान झाला आणि चारच दिवसांत पिलसुडस्कीच्या बंडाने ते सरकार उडवलं. दुसरी गोष्ट अशी की मार खाल्ल्यावरच हे सगळे तुकडे एकत्र आले. 1930 मध्ये विरोधी नेत्यांना ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबलं, त्यात वितोसही होता. मार्च 1931 मध्ये पियास्त, विझ्वोलेन्ये आणि तिसरा 'स्त्रोन्नित्स्त्वो ख्वोप्स्के' मिळून पुन्हा एकच 'स्त्रोन्नित्स्त्वो लुदोवे' झाला. शिक्षा टाळण्यासाठी वितोस 1933 मध्ये चेकोस्लोव्हाकियात गेला आणि 1939 पर्यंत तिथेच राहिला. ऑगस्ट 1937 मध्ये पक्षाने दहा दिवसांचा संप पुकारला: माल बाजारात न्यायचा नाही, शहरातून काही विकत आणायचं नाही. पोलिसांच्या गोळीबारात 44 शेतकरी मेले. पक्षाच्या स्मृतीत त्या संपाला आजही फार मोठं स्थान आहे.

युद्धात पक्ष भूमिगत झाला. 'बातालियोनी ख्वोप्स्के', शेतकरी बटालियन, ही त्याची सशस्त्र फौज, सदस्य दीड लाखाच्या वर, सेनापती फ्रान्चिशेक कामिन्स्की. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. सेयमचा माजी सभापती माचेय राताय याला जर्मनांनी जून 1940 मध्ये वॉर्सोबाहेर पालमिरीच्या जंगलात गोळ्या घातल्या.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. 1945 मध्ये लंडनच्या निर्वासित सरकारचा माजी पंतप्रधान स्तानिस्लाव मिकोलायचिक वॉर्सोला परतला आणि कम्युनिस्टांच्या सरकारात उपपंतप्रधान व कृषिमंत्री झाला. का आला, यावर पोलंडमध्ये अजून वाद होतो. चर्चिलने रेटलं हे एक कारण, आणि खेडी आपल्या पाठीशी आहेत हा त्याचा विश्वास हे दुसरं. कम्युनिस्टांनी तोवर 'स्त्रोन्नित्स्त्वो लुदोवे' हे नाव बळकावून आपला एक बाहुला पक्ष उभा केला होता. म्हणून मिकोलायचिकने आपल्या पक्षासाठी जुनं नाव पुन्हा काढलं: पोल्स्के स्त्रोन्नित्स्त्वो लुदोवे. अध्यक्ष म्हणून वितोस. पण तो आजारी होता आणि 31 ऑक्टोबर 1945 ला क्राकूफला वारला. काही महिन्यांत पक्षाची सभासदसंख्या आठ लाखांच्या घरात गेली. देशातला तो सर्वांत मोठा पक्ष होता, म्हणूनच त्याच्यावर घाव सर्वांत जास्त पडले. युवक चळवळीचा बोलेस्वाव श्चिबियोरेक डिसेंबर 1945 मध्ये वुज शहरात मारला गेला. शेतकरी बटालियनचा अधिकारी नार्त्सिस व्यात्र एप्रिल 1946 मध्ये क्राकूफच्या बागेत दिवसाढवळ्या.

30 जून 1946 च्या जनमत कौलात तीन प्रश्न होते. पहिला होता: वरिष्ठ सभागृह, सिनेट, रद्द करायचं का? गंमत म्हणजे सिनेट नको हे शेतकरी पक्षाचंच जुनं मत. तरी आपली ताकद मोजता यावी एवढ्यासाठी मिकोलायचिकने "नाही" म्हणायला सांगितलं. क्राकूफमध्ये मोजणी बऱ्यापैकी खरी झाली, तिथे पहिल्या प्रश्नाला 84 टक्के "नाही" निघालं. देशाचा अधिकृत निकाल मात्र "होय, 68 टक्के". जानेवारी 1947 च्या निवडणुकीतही तेच: उमेदवारांना अटक, याद्या रद्द, आणि शेवटी पीएसएलला दहा टक्क्यांच्या आसपास मतं, 444 पैकी तीसच्या आत जागा. ऑक्टोबरात मिकोलायचिक अमेरिकन वकिलातीच्या मदतीने पळाला. तो 1966 मध्ये अमेरिकेत वारला, अस्थी 2000 साली पोझ्नानला आल्या.

तो पळाल्यावर पक्षाची सूत्रं युझेफ न्येच्को या जुन्या युवक चळवळीतल्या माणसाकडे गेली. त्याने आपल्याच लोकांची छाटणी केली. 27 नोव्हेंबर 1949 ला उरलेला पीएसएल आणि तो बाहुला पक्ष एक झाले. नवं नाव 'झ्येद्नोचोने स्त्रोन्नित्स्त्वो लुदोवे', संयुक्त शेतकरी पक्ष, आद्याक्षरं झेडएसएल. पुढची चाळीस वर्षं या पक्षाने कम्युनिस्टांच्या "नेतृत्वाखाली" राज्यात भाग घेतला. चेस्वाव वित्सेख हे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. तो 1945 मध्ये मिकोलायचिकच्या पक्षाकडून शिक्षणमंत्री होता. 1957 पासून 1971 पर्यंत तोच झेडएसएलचा नेता म्हणून सेयमचा सभापती होता. गद्दार म्हणा किंवा वाचलेला माणूस म्हणा, पण खंड पडला असं म्हणता येत नाही. नेतृत्व कापलं गेलं आणि देठ तसाच राहिला.

आणि तो देठ निव्वळ शोभेचा नव्हता. 1956 नंतर पोलंडमध्ये सामूहिक शेती जवळपास मोडीत निघाली. जवळजवळ दहा हजार सामूहिक शेतांपैकी दोन हजारांच्या आतच उरली. सोव्हिएत गटात पोलंड हा मोठा अपवाद होता: 1980 च्या दशकातही तीन चतुर्थांश शेतजमीन खाजगी शेतकऱ्यांकडे होती. याचं श्रेय झेडएसएल घेत असे. माझं मत विचाराल तर श्रेय शेतकऱ्यांच्या हट्टाचं आहे आणि झेडएसएलचं काम फार तर टपालवाल्याचं. पण गावातली सहकारी बँक, सहकारी दुकान, अग्निशमन दल, तहसील पातळीचं कार्यालय इथे जी माणसं बसली ती याच पक्षाची होती. त्यांना पोटापाण्याची कामं करता यायची. हेच पुढे उपयोगी पडलं.

1989 मध्ये काय झालं ते आकड्यांतच बघा. जूनच्या अर्धमुक्त निवडणुकीनंतर सेयममध्ये 460 जागा: कम्युनिस्ट 173, झेडएसएल 76, लोकशाही पक्ष 27, कॅथलिक गट 23, आणि स्वतंत्र कामगार संघटनेतून उभी राहिलेली विरोधी चळवळ सॉलिडॅरिटी 161. चाळीस वर्षं हात वर करणारे 76 लोक ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीच्या बाजूला गेले, सोबत लोकशाही पक्षाचे ते 27. बेरीज 264, बहुमत 231. सॉलिडॅरिटीचा ताद्येउश माझोव्येत्स्की पंतप्रधान झाला. कम्युनिस्ट राजवट अशी एका बाहुल्याने पाडली, असं म्हणणं जरा जास्त होईल, पण त्या 76 शिवाय तो दिवस तेव्हा उजाडला नसता.

मग वारशाची घाई सुरू झाली. त्या उन्हाळ्यात जुन्या लोकांनी वॉर्सोच्या विलानूफ भागात पीएसएल पुन्हा उभा केला. म्होरक्या होता तोच कामिन्स्की, शेतकरी बटालियनचा सेनापती, ज्याने कम्युनिस्टांचा तुरुंग भोगला होता. दुसरीकडे झेडएसएलने नोव्हेंबरमध्ये स्वतःचं नाव बदललं: पीएसएल 'ओद्रोद्झेन्ये', पुनर्जन्म. 5 मे 1990 ला हा पुनर्जन्मवाला पक्ष आणि विलानूफवाल्यांचा एक भाग एकत्र आले, तोच आजचा पीएसएल. तुमच्या पुस्तकातलं 1990 इथून आलं. पहिला अध्यक्ष ग्रामीण सॉलिडॅरिटीतला रोमान बार्तोश्चे केला, म्हणजे चेहरा स्वच्छ. वर्षभरात तो बाहेर आणि झेडएसएलमधून आलेला तरुण वाल्देमार पावलाक आत. इमारती, याद्या, जिल्ह्यातली माणसं झेडएसएलची. नाव मिकोलायचिकचं. भिंतीवर फोटो वितोसचा. ज्या घराने एक घर गिळलं, त्यानेच पुढे त्याचं आडनाव लावलं. मराठीत याला आपण दत्तक म्हणू. फक्त इथे दत्तक जाणाराच ठरवत होता की बाप कोण.

तरी "काहीच संबंध नाही" हे मात्र मला पटत नाही. शरद ऋतूत व्येझ्होस्लावित्सेला वितोसच्या समाधीवर जे लोक जमतात, त्यांत आजोबा बटालियनमध्ये, बाप झेडएसएलमध्ये आणि स्वतः पीएसएलमध्ये असलेली माणसं भेटतात. त्यांच्या दृष्टीने पक्ष एकच आहे. इतिहासकाराला हे पुरावा म्हणून पुरत नाही, पण टाकूनही देता येत नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग: थोड्या मतांवर सत्ता. पावलाक जून 1992 मध्ये 32 व्या वर्षी पंतप्रधान झाला आणि 33 दिवसांत सरकार न बनवता घरी गेला. 1993 ला पक्षाला 15.4 टक्के मतं आणि 132 जागा मिळाल्या, कारण उजवे गट विखुरल्यामुळे पाच टक्क्यांच्या अटीखाली बुडाले. पावलाक पुन्हा पंतप्रधान झाला. एवढा मोठा आकडा परत कधी आला नाही. 1997 ला 27 जागा, 2007 ला 31, 2015 ला 5.13 टक्के आणि 16 जागा, म्हणजे अगदी काठावर. पण तो कम्युनिस्टांच्या वारसांबरोबर बसला आणि 2007 नंतर आठ वर्षं मध्यममार्गी उदारमतवाद्यांबरोबरही. 2003 मध्ये रस्ता-कराच्या मतदानात सरकारविरुद्ध गेला म्हणून एका आघाडीतून हाकललाही गेला. दोन मोठे पक्ष एकमेकांशी बोलत नसतील तेव्हा मधल्याची किंमत वाढते. वितोसने 1922 ला हेच केलं होतं.

आणि ही किंमत कशात वसूल झाली? 'क्रुस' हा शेतकऱ्यांचा वेगळा विमा व पेन्शन निधी, डिसेंबर 1990 चा कायदा. शेतकऱ्याचा हप्ता शहरी नोकरदारापेक्षा खूप कमी, बाकीचा भार सरकारी तिजोरीवर. दर सरकार क्रुस सुधारायचं म्हणतं आणि पीएसएल आडवा पडतो. दुसरी जागा म्हणजे स्वयंसेवी अग्निशमन दलं. देशात ती सोळा हजारांच्या घरात आहेत, गावातला तो एकमेव सभागृहवजा हॉल, लग्नापासून बैठकीपर्यंत सगळं तिथे. त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष पावलाकच होता, तीनेक दशकांच्या आसपास. राजधानीतले पत्रकार यावर हसतात. निवडणुकीच्या रात्री हसत नाहीत.

एक गमतीचा निकाल सांगतो. 2014 च्या प्रादेशिक निवडणुकीत पक्षाला जवळपास 24 टक्के मतं पडली. मतपत्रिका पुस्तिकेच्या रूपात छापली होती, पीएसएलची यादी क्रमांक एक, म्हणजे पहिल्याच पानावर. बाद मतंही भरमसाट, जवळपास अठरा टक्के. वर्षाने सेयमला तोच पक्ष पाच टक्क्यांवर. गावपातळीवरचं बळ खरं होतं, पण पहिल्या पानाने त्यात किती भर घातली यावर अजून हुज्जत चालते.

घसरणीचं कारणही याच कथेत आहे. 1990 च्या दशकात कर्जात बुडालेला शेतकरी रस्ता अडवणाऱ्या आन्द्झेय लेप्पेरच्या 'सामोओब्रोना', म्हणजे स्वसंरक्षण, या पक्षाकडे वळला. सरकारात बसून संप करता येत नाही, ही पीएसएलची अडचण होती. 2001 मध्ये सामोओब्रोनाला 10.2 टक्के, पीएसएलला 9. लेप्पेर 2006 मध्ये उपपंतप्रधान झाला, 2007 मध्ये त्याचा पक्ष दीड टक्क्यावर आला. पण ती मतं पीएसएलकडे परतली नाहीत, उजव्या 'कायदा आणि न्याय' पक्षाने उचलली. युरोपीय संघाची थेट अनुदानं 2004 पासून मिळू लागल्यावर तर "जमीन कोणाची" हा जुना प्रश्नच विरला. आता पक्षाचा अध्यक्ष व्वादिस्वाव कोसिन्याक-कामिश हा पेशाने डॉक्टर आहे. 2023 मध्ये त्याने एका नव्या मध्यममार्गी पक्षाशी युती केली आणि युतीसाठी असलेली आठ टक्क्यांची जोखमीची अट अंगावर घेतली. 14.4 टक्के मिळाले, आणि तो उपपंतप्रधान व संरक्षणमंत्री झाला.

प्रबंधात मी असं लिहीन: "चळवळीचा आरंभ 1895, एकसंध संघटना म्हणून 1931, स्वतंत्र पक्षाचा अंत 1947 ते 1949, सध्याची कायदेशीर संघटना मे 1990, मुख्यतः झेडएसएलच्या यंत्रणेवर उभी." परीक्षकाने एकच साल मागितलं तर 1990 लिहा, आणि तळटिपेत झेशूफ टाका.